मुलांसाठी पुस्तक लिहिताय? ऑनलाइन शिकण्यापासून करारावर सही करण्यापर्यंत

मुलांसाठी लिहिलेली गोष्ट साभार परत येते तेव्हा ती वाईटच असते असं नाही. पुष्कळदा पत्ता चुकलेला असतो. चौथीच्या मुलाला वाचायला दीड हजार शब्दांची गोष्ट बालवाडीच्या चित्रमालिकेकडे जाते, दिवाळीची गोष्ट सप्टेंबरात मासिकाकडे पोचते, किंवा संपादकाच्या संगणकावर फाइल उघडते ती चौकोन आणि प्रश्नचिन्हांसकट. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. विशेषतः पहिला टप्पा ओलांडून सहाव्यावर, म्हणजे ‘कुणाकडे पाठवायचं’ यावर, उडी मारू नका, कारण सहाव्याचं उत्तर पहिल्यात आहे.

१. वाचक किती वर्षांचा, हे आधी ठरवा

‘३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी’ असं लिहिलेला प्रस्ताव कुणासाठीच नसतो. मोजमाप हवं असेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातल्या वाचनपातळ्या उपयोगी पडतात. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. आपली गोष्ट कुठे बसते ते पाहा. ८०० शब्दांची गोष्ट पहिल्या पातळीच्या मुलासाठी लिहिली असेल तर दोनच वाटा आहेत : कापा, नाहीतर वाचकाचं वय वाढवा.

शब्दसंख्येबाबत एक खाच आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘झाडाखालच्यांनासुद्धा’ हा मोजणीत एकच शब्द. त्यामुळे इंग्रजी लेखांतले ‘चित्रपुस्तक ५०० शब्दांच्या आत’ असे आकडे मराठीला जसेच्या तसे लावले तर गोष्ट लांबते. मराठीत त्याहून बरंच खाली राहा.

नुकतं वाचायला शिकलेल्या मुलासाठी लिहिताना जोडाक्षरं मोजा. ‘प्रत्येक’, ‘स्वच्छ’, ‘आश्चर्य’ हे शब्द मोठ्यांना सोपे वाटतात. पहिलीतलं मूल त्यांच्यावर अडखळतं. बालभारतीची पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने येतात हे त्यांत पाहून घ्या. मात्र गोष्ट मोठ्या माणसाने वाचून दाखवायची असेल तर हा नियम सैल होतो, आणि मग कानाला काय गोड लागतं ते महत्त्वाचं. म्हणजे ‘वय ४–६’ एवढं ठरवून भागत नाही. मूल स्वतः वाचणार की ऐकणार, तेही ठरवावं लागतं.

२. फुकट जे शिकता येतं ते आधी संपवा

‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. मराठी बालसाहित्याची एवढी मोठी शाळा दुसरी नाही. वाचण्याची एक पद्धत सांगतो : कोणतीही पाच वर्षं निवडा, प्रत्येक वर्षाचे दोन अंक घ्या आणि प्रत्येक कथेची फक्त पहिली तीन वाक्यं वहीत उतरवा. तीस-चाळीस सुरुवाती एकाखाली एक आल्या की ‘एक आटपाट नगर होतं’ आणि ‘रविवारचा दिवस होता’ यांचा कंटाळा आपोआप येतो.

दुसरा अभ्यास भाषांतराचा. स्टोरीवीव्हरवर खातं उघडून दुसऱ्या भाषेतल्या गोष्टी मराठीत आणता येतात. पहिल्या पातळीच्या दहा गोष्टी भाषांतरित केल्या की लक्षात येतं, चित्रात दिसणारी गोष्ट शब्दांत पुन्हा सांगायची नसते. हे व्याख्यान ऐकून कळत नाही.

याच ठिकाणी स्वतःची गोष्ट प्रसिद्ध करण्याचा मोह होतो. आधी परवाना वाचा. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय ४.० परवान्याखाली खुल्या होतात. म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही ती गोष्ट छापू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हजारो मुलांपर्यंत पोचायचं असेल तर ही उत्तम जागा आहे. पण तीच गोष्ट उद्या व्यावसायिक प्रकाशकाला द्यायची असेल तर तो म्हणेल, ही आधीच प्रसिद्ध झाली आहे. सरावासाठी एक गोष्ट खुली करा, हुकमी गोष्ट राखून ठेवा.

इंग्रजीत वाचायची तयारी असेल तर ‘स्टोरीस्टॉर्म’ हा जानेवारीतला उपक्रम मोफत आहे : ३१ दिवसांत ३० कल्पना टिपायच्या. गोष्टी लिहायच्या नाहीत, फक्त कल्पना. हे मराठीत करायला काहीच अडचण नाही.

३. पैसे भरून शिकायचं असेल तर

‘एससीबीडब्ल्यूआय’ ही बालपुस्तकांच्या लेखक-चित्रकारांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७१ साली अमेरिकेत सुरू झाली. तिची भारतातही शाखा आहे. तिच्या वेबिनारांत संपादक आणि एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारे) बोलतात, काही वेळा हस्तलिखितावर अभिप्रायही विकत घेता येतो. ‘ट्वेल्व्ह बाय ट्वेल्व्ह’ हा दुसरा सशुल्क उपक्रम आहे : बारा महिन्यांत चित्रपुस्तकांचे बारा कच्चे खर्डे. दोन्हीकडची चर्चा अमेरिकी बाजाराची असते. मराठीतच प्रकाशित करायचं असेल तर रचना, पानउलटी, पुनर्लेखन एवढं तिथून घ्या. बाजाराचे सल्ले सोडून द्या.

पैसे भरण्याआधी पाहायच्या गोष्टी :

- शिकवणाऱ्यांची स्वतःची पुस्तकं लेखकाकडून पैसे न घेणाऱ्या प्रकाशकाने काढलेली आहेत का?
- तुमच्या मजकुरावर लेखी अभिप्राय मिळणार का, किती पानांवर, कोण देणार? नुसती रेकॉर्डिंग असतील तर तेवढ्यांसाठी मोठी रक्कम मोजू नका.
- ‘कोर्सनंतर तुमचं पुस्तक प्रकाशित’ असं आश्वासन आहे का? असेल तर छपाईचा खर्च कोण करणार ते विचारा. उत्तर बहुधा ‘तुम्ही’ असंच निघतं.

वेळेचा घोळ हमखास होतो. न्यूयॉर्कची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या संध्याकाळी ७ चा वेबिनार आपल्याकडे पहाटे ४.३० किंवा ५.३० ला, तोही दुसऱ्या तारखेला. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यांत जास्त जपा. शिवाय डॉलरमध्ये पैसे भरताना कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. हे शेवटच्या रात्री आठवतं.

४. डमी बनवा

डमी म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना. लागणारं सामान : ए-फोर आकाराचे कोरे कागद, स्टेपलर, पेन्सिल, कात्री. चार कागद मधे दुमडून पिना मारल्या की १६ पानांची वही होते, आठ कागदांची ३२ पानांची. मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात, म्हणून ‘माझी गोष्ट १८ पानांची आहे’ या वाक्याला छापखान्यात अर्थ नाही.

१६ पानी डमीत पहिलं पान शीर्षकाचं. त्यानंतर समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या मिळतात आणि शेवटी एक सुटं पान उरतं. पहिल्या जोडीतलं डावं पान श्रेयनामावलीला जातं. ३२ पानांत अशा पंधरा जोड्या. शीर्षक, श्रेयं, अर्पण वगळता गोष्टीला बारा ते चौदा उरतात. या जोड्यांना चित्रकार आणि संपादक ‘स्प्रेड’ म्हणतात.

मजकुराची प्रिंट काढून वाक्यं कापा आणि पानांवर चिकटवा. चित्रं काढायची नाहीत, चित्राच्या जागी दोन शब्द लिहा. आता उलटून पाहा. सलग तीन स्प्रेडवर दोन पात्रं स्वयंपाकघरात बसून बोलत असतील तर चित्रकाराला काढायला काही नाही, गोष्ट तिथे अडली आहे. एखाद्या पानावर नव्वद शब्द आणि पुढच्यावर पाच पडत असतील तर ते मुद्दाम केलं आहे का ते विचारा. उत्कंठेचं वाक्य उजव्या पानाच्या शेवटी यायला हवं. उत्तर पान उलटल्यावर. उत्कंठेचं वाक्यच डाव्या पानावर पडलं तर समोरच्या चित्राने गुपित आधीच फोडलेलं असतं.

डमी प्रकाशकाला पाठवायची नाही. ती तुमच्यासाठी आहे. आणि स्वतःच्या पैशाने चित्रकार नेमून पूर्ण चित्रं करून घेऊ नका. चित्रकार निवडणं हे प्रकाशकाचं काम. तुमची चित्रं त्याला पसंत पडली नाहीत तर गोष्टही हातची जाते.

५. हस्तलिखिताची फाइल

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरं दाखवते, आणि रूपांतर केलं तरी रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’सारखी अक्षरं जागा बदलतात. वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही द्या. पीडीएफ पाठवण्याआधी मोबाइलवर उघडून जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते पाहा. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. त्याची काळजी करू नका, पुस्तकाचा फॉन्ट शेवटी प्रकाशकच ठरवतो.

अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, पानांना क्रमांक. वर डाव्या कोपऱ्यात नाव, ईमेल, फोन. उजवीकडे वयोगट आणि शब्दसंख्या. स्प्रेडप्रमाणे तुकडे पाडून क्रमांक द्या. चित्राबद्दलची सूचना चौकटी कंसात, आणि मजकुरावरून जे कळत नाही त्यापुरतीच : [चित्र : मांजर कपाटामागे झोपलेली आहे, चिंगीला ते माहीत नाही]. ‘चिंगीने पिवळा फ्रॉक घातला आहे’ ही सूचना नको, गोष्ट फ्रॉकवरच चालत असेल तरच ती द्या.

‘केलं’ की ‘केले’, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. काही प्रकाशक निवेदन ‘केले’ आणि संवाद ‘केलं’ असं ठेवतात. त्यांची दोन पुस्तकं चाळली की कळतं. दोन्हींची सरमिसळ संपादकाला पहिल्या पानावरच दिसते.

६. कुणाकडे पाठवायचं

पुस्तकाआधी मासिकांचा विचार करा. ‘किशोर’ आणि ‘वयम्’ ही मासिकं, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक, ही मराठीतली ओळखीची दारं. ऋतूशी जोडलेला मजकूर निदान चार महिने आधी पोचला पाहिजे, दिवाळीचा जून-जुलैपर्यंत.

पुस्तकांसाठी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, बंगळूरूचं प्रथम बुक्स, मराठीसह अनेक भाषांत द्वैभाषिक चित्रपुस्तकं काढणारं चेन्नईचं तूलिका, दिल्लीचं नॅशनल बुक ट्रस्ट अशी नावं समोर येतात. निसर्ग-पर्यावरणावरचं लेखन असेल तर पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ची पुस्तकं पाहा. यातल्या प्रत्येकाची आवड वेगळी. नियम साधा आहे : ज्या प्रकाशकाची गेल्या दोन-तीन वर्षांतली किमान पाच बालपुस्तकं तुम्ही पाहिली नाहीत, त्याच्याकडे पाठवू नका. आणि पाठवण्याच्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावरची लेखकांसाठीची सूचना पुन्हा वाचा. हस्तलिखितं घेण्याची खिडकी उघडी आहे की बंद, ईमेल की फॉर्म, कोणत्या भाषेत, हे सगळं वरचेवर बदलतं.

पहिलं पुस्तक यायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. तीत बालवाङ्मयाचाही समावेश आहे. ही योजना पहिल्या पुस्तकासाठी असल्याने घाईघाईत स्वतः छापलेली शंभर प्रतींची पुस्तिका इथे आडवी येऊ शकते.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना, विशेषतः परदेशात राहून नातवंडांसाठी दोन भाषांत लिहिणाऱ्यांना, एजंटांची वाट आहे. ‘क्वेरीट्रॅकर’वर मोफत खातं उघडून एजंट शोधता येतात, ‘मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट’वर त्यांना काय हवं आहे ते वाचता येतं. एजंट वाचण्याचे पैसे घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तर साधारण १५ टक्के कमिशन घेतो. आधी पैसे मागणारा एजंट नव्हे.

७. प्रस्तावाचं पत्र

ईमेलचा विषय असा : ‘चित्रपुस्तकाचं हस्तलिखित : चिंगीचा दात (वय ४–६, ३८० शब्द)’. ‘नमस्कार’ किंवा ‘माझी कथा’ असा विषय लिहिलेली ईमेल तीन महिन्यांनी शोधूनही सापडत नाही.

पत्र दीडशे-दोनशे शब्दांचं. पहिल्या परिच्छेदात हे काय आहे आणि याच प्रकाशकाकडे का. दुसऱ्यात गोष्ट, शेवटासकट :

‘चिंगीचा पहिला दात पडतो. आजी सांगते, उंदराच्या बिळात टाक, म्हणजे उंदरासारखा बारीक दात येईल. पण घरात मांजर आहे आणि ती आल्यापासून एकही उंदीर फिरकलेला नाही. दात मुठीत धरून चिंगी दिवसभर उंदीर शोधते. रात्री दात घरंगळतो आणि मांजरच त्याच्याशी खेळत तो कपाटामागच्या बिळात ढकलून देते.’

शेवट लपवून ‘पुढे काय होतं ते वाचा’ असं लिहू नका. संपादकाला उत्सुकता नको असते, गोष्ट उभी राहते का ते पाहायचं असतं. हेच पत्र परदेशी एजंटला लिहिताना दात उंदराला देण्याची रीत अर्ध्या वाक्यात सांगा. ‘भारतातील एक प्राचीन परंपरा’ वगैरे प्रस्तावना केली की चिंगी बाजूला पडते आणि माहितीपत्रक सुरू होतं.

तिसऱ्या परिच्छेदात तुमची ओळख, चाळीस-पन्नास शब्द. शिक्षक असाल, बालवाडी चालवत असाल, गोष्ट छापून आली असेल तर लिहा. ‘माझ्या मुलीला खूप आवडली’ हे मात्र गाळा. आवडणारच. आणि ‘या गोष्टीतून मुलांवर स्वच्छतेचा संस्कार होईल’ हेही गाळा. चांगले बालसंपादक या वाक्याला बिचकतात.

८. ऑनलाइन समोरासमोर पिच

ऑनलाइन साहित्यमहोत्सवांत आणि कार्यशाळांत कधी कधी ‘पिच’साठी, म्हणजे संपादकासमोर गोष्ट थोडक्यात मांडायला, दोन-तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत शांतपणे बोलता येतात साधारण २०० ते २५० शब्द. त्यातले पहिले १५ सेकंद शीर्षक, वय, प्रकार. पुढचं एक मिनिट गोष्ट. वीस सेकंद पुस्तकातली दोन-तीन प्रत्यक्ष वाक्यं, वाचून. उरलेला वेळ प्रश्नांसाठी मोकळा सोडा. वाक्यं वाचून दाखवणं अजिबात चुकवू नका, कारण कल्पना सगळ्यांच्याच चांगल्या वाटतात, भाषा कुणाची आहे ते तिथेच कळतं.

फोन विमानस्थितीत टाका, इंटरनेटसाठी दुसरी सोय हाताशी ठेवा, आणि मजकुराची प्रिंट ठेवा. स्क्रीन वाटून घेण्यात पहिली चाळीस सेकंदं जातात, म्हणून वाटूच नका.

ट्विटरवरच्या पिच-स्पर्धांबद्दल जुने लेख सापडतील, त्यात ‘पिटमॅड’चं नाव हमखास असतं. ती २०२२ मध्येच बंद झाली. जुन्या याद्यांवरून तारखा ठरवू नका.

९. पाठवल्यानंतर

एक तक्ता ठेवा : गोष्ट, खर्डा क्रमांक, कुणाला, तारीख, उत्तराची सांगितलेली मुदत, उत्तर. मुदत दिली नसेल तर तीन महिन्यांनी दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा, त्याआधी फोन नको. परदेशी एजंटांकडे एकाच वेळी अनेकांना पाठवणं चालतं. मराठी मासिकांत एकच गोष्ट दोघांना पाठवली आणि दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद. पुस्तक-प्रकाशकांना एकदम पाठवत असाल तर पत्रात तसं लिहा.

होकार आल्यावर मागितली जाणारी कागदपत्रं तयार ठेवा : पॅन, रद्द केलेला धनादेश, छोटा परिचय, छायाचित्र, आणि गोष्ट आधी कुठे प्रसिद्ध झालेली नाही असं पत्र. लोककथेवर लिहिलं असेल तर ती कुठून घेतली तेही. लोककथा सगळ्यांची असते, पण ती संकलित करणाऱ्याची वाक्यं त्याची असतात.

१०. करार

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्कात ऑनलाइन अर्ज करता येतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो. त्यासाठी हजारो रुपये लावणारी ‘पॅकेजं’ पाहिली की पुढे सरका.

करारात शोधायचे शब्द : कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या भाषा, कोणता प्रदेश. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व भाषा, कायमचे’ या ओळीवर बोट ठेवा आणि बदल मागा. निदान अनुवाद आणि दृक्-श्राव्य हक्क वेगळे काढून घ्या. स्पर्धांच्या नियमांतही ही ओळ लपलेली असते. काही ठिकाणी तर न जिंकलेल्या गोष्टींचेही हक्क जातात.

रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, कशावर, हे टक्क्यांइतकंच महत्त्वाचं. चित्रपुस्तकात लेखक आणि चित्रकार वाटून घेतात. समजा तुमचा वाटा ५ टक्के, किंमत १५० रुपये, विक्री १००० प्रती. छापील किमतीवर ७५०० रुपये होतात. विक्रेत्याला ४० टक्के सूट देऊन उरलेल्या रकमेवर हिशेब असेल तर ४५००. टक्का तोच. एकरकमी मानधन असेल तर ते एका आवृत्तीचं की कायमचं, आणि पुस्तक सरकारी खरेदीत मोठ्या संख्येने गेलं तर काय, हे लिहून घ्या.

अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात पॅन लिहिता येतो. तो न भरल्यास तिथे ३० टक्के कर कापला जातो. भरला तर भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर तो १५ टक्क्यांपर्यंत खाली येतो. फॉर्मवर सही केलेल्या वर्षानंतर पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो, मग नवा द्यावा लागतो. त्याची तारीख वरच्या तक्त्यातच लिहून ठेवा.